पायवाट आणि परवाना

मनुष्य किती मोठ्या घरात राहतो यावरून त्याच्या संपत्तीची कल्पना येते. परंतु त्या घराचा उंबरठा ओलांडल्यावर कोणाचीही मर्जी न सांभाळता तो कोठवर जाऊ शकतो, यावरून त्याचे स्वातंत्र्य मोजावे लागते. ज्यांच्या दारात मोटार उभी असते त्यांच्या ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. ती ध्यानात येते लहान मुलांच्या, वृद्धांच्या आणि ज्यांनी आयुष्यात कधी मोटारीचे चाक हाती धरले नाही अशा असंख्य स्त्रियांच्या. वाक्वा नगरात राहणारी एक मराठी आजी त्यांपैकीच होय. तिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. कारण बो बासँपासून क्यूरपीपपर्यंत प्लेन विल्हेम्सच्या प्रत्येक नगरात तिच्यासारखी एखादी आजी सकाळच्या पहिल्या उन्हात, हातात छत्री व खांद्याला पिशवी अडकवून, रस्त्याच्या कडेने चालताना दिसते. तिच्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. परंतु मॉरिशसमधील मराठी माणसाच्या पावलांचा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याला तिच्या त्या चालण्यात पुष्कळ काही दिसू शकेल.

वाक्वा हे नाव ज्या झाडावरून पडले, तो वाकोआ म्हणजे कोकणातील केवड्याचाच भाऊबंद. त्याच्या लांब, चिवट पानांच्या पिशव्या विणून त्यांत एके काळी या बेटावरची साखर भरली जाई. बाजाराला न्यावयाची ‘तांत’ नावाची पिशवीही त्याच पानांची विणीत. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून मुंबई बंदरात आणि तेथून जहाजाने या बेटावर आलेल्या मराठी कुटुंबांपैकी कित्येकांनी पुढे याच नगरात व त्याच्या आसपासच्या वस्त्यांत घरे केली. केवड्याचे बन मागे टाकून निघालेल्या माणसांच्या वंशजांनी केवड्याच्याच नावाच्या गावी स्थिर व्हावे, हा योगायोग मोठा मनोज्ञ आहे.

या पठारावरील नगरे मोटारीसाठी वसलेली नाहीत, हे मुद्दाम सांगावयास हवे. १८६५ साली पोर्ट लुईहून क्यूरपीपच्या चढावरून महेबुर्गकडे जाणारा मिडलँड लोहमार्ग सुरू झाला. लगेच १८६६ ते १८६८ या वर्षांत हिवतापाच्या भयंकर साथीने पोर्ट लुईत व किनाऱ्यावर हजारो माणसे दगावली. ज्यांना शक्य होते त्यांनी राजधानी सोडून थंड हवेच्या पठारावर बिऱ्हाडे हलविली आणि आगगाडीने ते रोज खाली कामावर जाऊ लागले. अशा रीतीने हिवताप आणि आगगाडी या दोहोंनी मिळून बो बासँ, रोझ हिल, कात्र बोर्न, वाक्वा व क्यूरपीप ही नगरे वाढविली. स्टेशन, बाजार, शाळा, देऊळ, दवाखाना हे सारे पायी चालणाऱ्याच्या टप्प्यात असावे, अशीच त्या काळच्या वस्तीची ठेवण होती. कारण पायांखेरीज दुसरे साधन बहुतेकांजवळ नव्हतेच.

पुढे रस्त्यावरील बस आणि मालमोटार यांच्यापुढे आगगाडीचा टिकाव लागला नाही. १९५६ च्या मार्चअखेर प्रवाशांची वाहतूक बंद पडली आणि १९६४ साली मालगाड्याही थांबल्या. रूळ उखडले गेले. बेटाची लोकसंख्या आज साडेबारा लाखांच्या आसपास आहे आणि नोंदलेली वाहने सहा लाखांच्या वर गेली आहेत. मग २०१९ साली, भारताच्या साहाय्याने बांधलेल्या मेट्रोचा पोर्ट लुई ते रोझ हिल हा पहिला टप्पा तयार झाला. २०२१ साली ती कात्र बोर्नला आणि २०२२ साली वाक्वावरून क्यूरपीपला पोहोचली. पुष्कळ ठिकाणी ती जुन्या लोहमार्गाच्याच जागेवरून धावते. कित्येक दशकांनी त्या वाटेवर पुन्हा रूळ पडले, तेव्हा जुन्या आगगाडीत बसलेली माणसे फार थोडी उरली होती. ही आजी त्या थोड्यांपैकी एक आहे.

तिचा जन्म हेन्रिएटाचा. १८९६ साली मॉरिशसमधला पहिला गणेशोत्सव जेथे झाला असे परंपरा सांगते, तेच हे गाव. हेन्रिएटाहून वाक्वाचे स्टेशन दीड-एक कोस. शेवटच्या वर्षी आगगाडी बंद होणार असे कळल्यावर तिच्या वडिलांनी आठ वर्षांच्या या मुलीला पहाटे उठविले आणि दोघे चालत स्टेशनावर आली. चढावर ती थकली तेव्हा वडिलांनी तिला खांद्यावर घेतले. पोर्ट लुईला पोहोचून त्यांनी समुद्र पाहिला, दोन दाल पुऱ्या खाल्ल्या आणि त्याच दिवशी ती परतली. खरेदी काहीच नव्हती. “माणसाने एकदा तरी विनाकारण प्रवास करावा,” असे वडील म्हणाले होते. उसाच्या शेतात जन्म काढलेल्या त्या माणसाच्या तोंडचे ते वाक्य आजीने आजवर जपून ठेवले आहे.

लग्न होऊन ती वाक्वा नगरात आली. यजमान बसवर वाहक होते. खांद्याला चामडी पिशवी, कानामागे पेन्सिल, आणि तोंडात सर्व थांब्यांची नावे. घरात मोटार कधी आली नाही. प्रथम ऐपत नव्हती म्हणून, आणि पुढे मुलगा कमावता झाल्यावर आजोबांना तिची गरज भासली नाही म्हणून. “मोटार घेतली की माणूस एकटा जातो; बसमध्ये गाव बरोबर येते,” असे ते म्हणत. आजोबांना जाऊन आता बारा वर्षे झाली. परंतु कोणती बस कोणत्या वळणावर हळू होते, कोणत्या थांब्यावर छप्पर आहे, पावसात कोठे उभे राहिल्यास चिखल अंगावर उडत नाही, ही सारी विद्या ते आजीच्या हवाली करून गेले आहेत.

त्या विद्येचा उपयोग पाहावयाचा तर आजीचा एखादा दिवस पाहावा. पहाटे देवपूजा झाली की ती दाराबाहेर पडते. कोपऱ्यावरचे दुकान दोनशे पावलांवर. तेथे पाव आणि दूध. दुकानदार चिनी कुटुंबातला. त्याच्या बापाच्या वेळेपासूनची ओळख. देऊळ घरापासून दहा मिनिटांवर, बाजार पंधरा मिनिटांवर. बाजारात ती शुशू, शेवग्याचा पाला आणि अळू घेते. अळूला भाजीवाली ‘ब्रेद सोंझ’ म्हणते, आजीही क्रेओलमध्ये तसेच म्हणते, परंतु घरी येऊन त्याची वडी करताना ते पुन्हा अळू होते. ओझे कधीही एका हाताला पेलेल त्याहून अधिक घ्यावयाचे नाही, हा तिचा नियम. दुसरा हात छत्रीसाठी मोकळा हवा. बेटाच्या हवामान खात्याचे मुख्य कार्यालय याच नगरात आहे. परंतु आजीचा त्याहून अधिक विश्वास डोंगराच्या बाजूच्या ढगावर. तिकडे काळोखी आली की घरी परतण्यास वीस मिनिटे उरली, असा तिचा हिशेब असतो.

दूरच्या कामासाठी बस. रुग्णालय कांदोसला, बहीण रोझ हिलला, नणंद क्यूरपीपला. २००५ सालापासून वृद्धांना आणि विद्यार्थ्यांना बसप्रवास विनामूल्य झाला, तेव्हापासून छायाचित्राचे ओळखपत्र कापडी बटव्यात घालून ती निघते. कामे ती अशी गुंफते की एका फेरीत तीन उरकावीत: जाताना औषधे, येताना बहिणीची भेट आणि वाटेत दिव्याच्या वाती. घाईच्या वेळी, शाळा-कचेऱ्या सुटताना, ती कधी बसमध्ये चढत नाही. मेट्रो आल्यावर मात्र तिने एक नवा नाद लावून घेतला आहे. नात रेदुईच्या विद्यापीठात शिकते. २०२३ पासून मेट्रोची एक शाखा तेथवर गेली आहे. एखाद्या दिवशी नातीबरोबर आजीही वाक्वाला गाडीत बसते, रोझ हिलपर्यंत तिची सोबत करते आणि एकटी परत येते. काम काहीच नसते. विनाकारण प्रवास करावा हे वडिलांचे वाक्य ती अशा रीतीने पाळते.

हे सारे सुखाचे आहे असे मात्र कोणी समजू नये. पुष्कळ रस्त्यांना पदपथ नाहीत. जेथे आहेत तेथे कोणाची तरी मोटार आडवी उभी असते, आणि मग म्हाताऱ्या माणसाला भर रस्त्यात उतरावे लागते. कडेची उघडी गटारे संततधारेत रस्त्याशी एकजीव होतात आणि पाऊल कोठे ठेवावे ते कळत नाही. वळणावरून फटफट्या भरधाव येतात. दिवेलागणीनंतर बस दुर्मीळ होते; म्हणून सायंकाळचे कीर्तन वा लग्नघरचे जेवण असेल तर परतीची सोय आधी पाहावी लागते. गेल्या हिवाळ्यात, जुलैच्या पावसात, आजी अशाच एका गटाराच्या काठावर घसरली. हाड मोडले नाही. परंतु मनगट सुजले आणि तीन आठवडे तिला घरात बसावे लागले. शेजारणीने डबा आणला, दुकानदाराने पाव घरी पोहोचविला, नात रोज संध्याकाळी आली. सारे काही मिळाले. तरी त्या तीन आठवड्यांत आजी जितकी म्हातारी झाली तितकी मागल्या दहा वर्षांत झाली नव्हती, असे नात सांगते.

याच अपघातावरून पुढचा प्रसंग उद्भवला. आजीचा मुलगा एबेन येथे एका कचेरीत मोठ्या हुद्द्यावर आहे. तो मनाने सरळ आणि मातृभक्त. पश्चिमेच्या उतारावर, पूर्वी जेथे ऊस होता अशा जमिनीच्या नव्या वसाहतीत त्याने दोन वर्षांपूर्वी घर बांधले. बेटावर अशा वसाहतीला मोर्सेलमां म्हणतात: जमिनीचे तुकडे पाडलेले, रस्ते गुळगुळीत, घरे पांढरी, अंगणे मोठी. तेथून समुद्र दिसतो, पाऊस वाक्वाच्या मानाने पुष्कळ कमी. घरात आजीसाठी खालच्या मजल्यावर स्वतंत्र खोली, स्नानगृहात धरावयाला दांड्या, खिडकीशी तुळस. सूनबाईने खोलीचे पडदेसुद्धा आजीच्या आवडीच्या रंगाचे आणले. मनगट सुजल्यावर मुलगा म्हणाला, “आई, आता पुरे. या घराला कुलूप लाव आणि आमच्याकडे चल.” त्याच्या बोलण्यात हुकूम नव्हता, काळजी होती. नातेवाइकांनीही त्याचीच बाजू घेतली. असा मुलगा लाभण्यास भाग्य लागते, असे सर्वांचे मत पडले आणि ते खोटेही नव्हते.

एका रविवारी मुलाने आईला तेथे नेले. वसाहतीच्या तोंडाशी फाटक होते आणि फाटकावर रखवालदार. मोटार थांबताच त्याने अदबीने खाली वाकून पाहिले, मुलाला ओळखले, आणि आईकडे बोट करून विचारले, “या कोण? आपल्याच घरी?” मुलाने होकार दिला, रखवालदाराने वहीत काहीतरी लिहिले आणि आडवा दांडा वर गेला. आजी काही बोलली नाही. घर पाहून तिने सुनेचे मनापासून कौतुक केले. चहा झाल्यावर ती ओटीवर येऊन उभी राहिली. रस्ता दोन्ही बाजूंना रिकामा होता. कोठेही दुकान नव्हते, देऊळ नव्हते, चालणारे माणूस नव्हते. तिने विचारले, “येथे बस किती वाजता येते?”

मुलाने सुनेकडे पाहिले, सुनेने मुलाकडे. दोघांनाही ते ठाऊक नव्हते. शेवटी मुलगा म्हणाला, “मुख्य रस्त्यावर येत असावी. परंतु तुला बस कशाला? जेथे जावयाचे तेथे मी नेईन.”

“आणि तू कचेरीत असलास तर?”

“तर संध्याकाळी.”

“आणि संध्याकाळी तू दमून आलास तर?”

“तर शनिवारी,” असे म्हणता म्हणता मुलगा थांबला.

परतीच्या वाटेवर पुन्हा तो दांडा खाली-वर झाला. घरी आल्यावर आजीने आपली लोखंडी पेटी उघडली आणि नातीने दोन वर्षांपूर्वी आणून दिलेला एक कागद बाहेर काढला. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आलेल्या प्रवाशांच्या जुन्या नोंदी सांभाळून ठेवल्या आहेत; तेथून नातीने आजीच्या पणजोबांच्या नोंदीची नक्कल मिळविली होती. क्रमांक, जहाजाचे नाव, बापाचे नाव, वय, उंची, गाव. आणि वर एक छायाचित्र. खांद्यावर घोंगडी, डोळे विस्फारलेले, हात कोठे ठेवावेत हे न कळून पोटाशी धरलेले. आजीने तो चेहरा पूर्वीही पाहिला होता. त्या रात्री मात्र ती पुष्कळ वेळ त्याच्याकडे पाहत बसली.

ते छायाचित्र कोणी कौतुकाने काढलेले नव्हते. १८३४ सालापासून करारबद्ध मजूर या बेटावर येऊ लागले. पोर्ट लुईच्या धक्क्यावर, आज जे आप्रवासी घाट म्हणून ओळखले जाते व २००६ साली जागतिक वारशात गणले गेले, त्या स्थानी उतरून ते मळ्यांकडे जात. मळ्यावर एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. पहिला करार पुरा केलेल्यांना ‘जुने प्रवासी’ म्हणत. ते आता मोकळे झाले असे कोणास वाटेल. परंतु १८६७ च्या कायद्याने त्यांना छायाचित्र चिकटविलेले तिकीट आणि पोलिसांचा परवाना सदैव जवळ बाळगणे सक्तीचे केले. परवाना एका जिल्ह्यापुरता असे. भावाला भेटण्यास, काम शोधण्यास, आजारी नातलगाला पाहण्यास कोणी दुसऱ्या जिल्ह्यात गेला आणि कागद जवळ नसला, तर त्याला भटक्या ठरवून पकडीत. ज्या माणसाने समुद्र ओलांडला होता, त्याला एक ओढा ओलांडण्यासाठी परवानगी लागे. १८७१ साली आदोल्फ द प्लेव्हिट्झ या सहृदय गृहस्थाने जुन्या प्रवाशांच्या वतीने गव्हर्नराला अर्ज केला. त्यावर ९,४०१ जणांनी आपली नावे घातली. त्यातून १८७२ साली रॉयल कमिशन नेमले गेले, १८७५ साली त्याचा अहवाल आला आणि १८७८ मध्ये मजुरांविषयीचा कायदा सुधारला. हजारो साध्या माणसांनी शिक्षेचे भय बाजूला ठेवून नाव लिहू दिले, तेव्हा कोठे रस्ता थोडा मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी नात आली तेव्हा आजीने बटव्यातून आपले ओळखपत्र काढून पणजोबांच्या कागदाशेजारी ठेवले. दोन्हींवर छायाचित्र, दोन्हींवर क्रमांक. आजी म्हणाली, “बाळ, त्यांचा फोटो काढला तो त्यांनी कोठे जाऊ नये म्हणून. माझा काढला तो मी कोठेही जावे म्हणून. एवढे होण्यास चार पिढ्या गेल्या. हे कार्ड बटव्यात ठेवून मी तुझ्या बापाच्या ओटीवर शनिवारची वाट पाहत बसू काय?”

नातीने हे वडिलांना सांगितले. त्यांना ते लागले. आपल्या घराची तुलना मळ्याशी व्हावी, आपल्या प्रेमाची तुलना परवान्याशी व्हावी, हे कोणत्या मुलास रुचेल? तो दोन आठवडे वाक्वाला आला नाही. फोन मात्र रोज करी आणि औषधे घेतलीस काय एवढेच विचारी. आजीलाही आपले बोलणे मर्यादेबाहेर गेले असे वाटले. मळ्याच्या मुकादमाने कधी मजुराच्या आईसाठी तुळस लावली नव्हती, हे तिला कळत होते. तिने देवापुढे दिवा लावला आणि गणपती जवळ आला तशी सवयीने कामाला लागली.

मॉरिशसमधील मराठी घरांत गणेशचतुर्थीला काय आनंद असतो हे येथे सांगावयास नको. नोकरीनिमित्त चहूकडे पांगलेली कुटुंबे त्या दिवशी जुन्या घरी एकत्र येतात. आजीच्याही घरी सारी आली. मुलगा, सूनबाई, नात, रोझ हिलची बहीण, क्यूरपीपची नणंद. रात्री झाकरी झाली. दुसऱ्या दिवशी विसर्जनाची मिरवणूक. नदी घरापासून सुमारे अर्ध्या कोसावर. गल्लीत एवढ्या मोटारी उभ्या राहिल्या होत्या की मुलाला आपली मोटार बाहेर काढणे अशक्य झाले. “आईला एवढे चालवत नेऊ नये,” असे कोणी म्हणाले. आजी तोवर उंबरठ्याबाहेर पडली होती. मूर्ती डोक्यावर घेतलेल्या भाच्यामागून ती निघाली आणि मुलगा तिच्या शेजारून चालू लागला. या रस्त्याने तो वीस वर्षांत पायी गेला नव्हता.

वाटेत त्याला एक गोष्ट दिसली. कोपऱ्यावरचा दुकानदार दारात येऊन उभा राहिला आणि त्याने आजीला मनगट कसे आहे ते विचारले. पुढे एका क्रेओल वृद्धेने आपल्या फाटकातून हाक मारली आणि तिच्या ओंजळीत जास्वंदी घातल्या. बसथांब्यावर उभ्या असलेल्या दोन शाळकरी मुलांनी ‘आजी’ म्हणूनच तिला हात केला. त्यांतला एक मुसलमानाचा मुलगा होता. गटारापाशी, जेथे ती पडली होती तेथे, कोणीतरी एक रुंद फळी टाकून ठेवली होती. “ही कोणी टाकली?” मुलाने विचारले. आजी म्हणाली, “मला तरी काय ठाऊक? ज्याने मला पडताना पाहिले त्याने टाकली असेल.” मुलगा त्या फळीवर क्षणभर थबकला. आई एकटी राहते असे तो इतकी वर्षे समजत होता. या अर्ध्या कोसाच्या रस्त्यावर ती किती घरांत राहते हे त्याला त्या दिवशी कळले.

नदीवर आरती झाली. परतताना पाऊस आला, तेव्हा आजीने छत्री मुलाच्या डोक्यावर धरली. घरी येऊन पाय पुसता पुसता तो म्हणाला, “आई, पदपथाविषयी आणि गटारावरच्या झाकणाविषयी नगरपालिकेला अर्ज लिहावा म्हणतो. तू सही करशील काय?” आजीने होकार दिला. नातीने त्याच रात्री अर्ज लिहिला आणि त्यावर गल्लीतील एकेचाळीस जणांनी सह्या केल्या. घराला कुलूप लावण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. आजी मात्र दुसऱ्याच महिन्यात एका सकाळी आपण होऊन निघाली. दोन बसगाड्या बदलून मुख्य रस्त्यावर उतरली, तेथून पाऊण तास चालत फाटकापाशी पोहोचली आणि रखवालदाराला म्हणाली, “लिहून घ्या, बाबा. या घरची आई आली आहे, बसने.” सूनबाईने दार उघडले तेव्हा तिला आधी हसू आले आणि मग रडू. त्या दिवशीची अळूवडी नव्या घरात झाली.

मोटार वाईट आहे असे या हकिकतीचे तात्पर्य नव्हे. मोटारीने आजाऱ्यांना वेळेवर रुग्णालयात पोहोचविले आहे आणि मळ्यावरून उठलेल्या कुटुंबांना नोकरीच्या नव्या वाटा दाखविल्या आहेत. परंतु ज्या नव्या वसाहतीत बस जात नाही, ज्या रस्त्याला पदपथ नाही, तेथे मोटार ज्याच्या हाती नाही तो पुन्हा कोणाच्या तरी परवानगीचा बांधील होतो, मग ती परवानगी कितीही प्रेमाने मिळो. जुन्या प्रवाशांनी नावे घालून जो रस्ता मोकळा करून घेतला, तो त्यांच्या वृद्ध लेकींना चालण्याजोगा राखणे ही त्यांच्या वंशजांची जबाबदारी आहे. जमिनीचा तुकडा विकत घेताना समुद्र किती दिसतो हे जसे पाहतात, तसे बसचा थांबा किती पावलांवर आहे हेही पाहावे. आणि तो नसेल तर दहा शेजारी मिळून मागावा.

वाक्वाच्या त्या गल्लीत गटारावरील झाकणे अद्याप आलेली नाहीत. फळी मात्र जागेवर आहे, आणि सकाळच्या पहिल्या उन्हात तिच्यावरून छत्री टेकीत एक आजी रोज पलीकडे जाते.